वारुळाची अळंबी: ओळख, काढणी आणि रांधणं

मिरगवेळ

तरणा पाऊस सरत आला की आमच्या बाजूला, म्हणजे कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यात, उजाडायच्या आधीच माणसं वारुळांकडे फेरी मारायला निघतात. रात्री गडगडाट झाला, सर पडून गेली आणि सकाळी उकडायला लागलं की अळंबी उगवणार, असा सगळ्यांचा होरा. यंदा गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक नवंच सुरू झालंय. कोणीतरी पांढऱ्या छत्रीचा फोटो टाकतं, 'ही खायची का?' विचारतं, आणि दोन मिनिटांत पाचसहा जण 'खा बिनधास्त' म्हणून मोकळे होतात. ते वाचून पोटात गोळा येतो, म्हणून हा धागा काढतेय. फोटोवरून कोणीही कोणाला होकार देऊ नये, हे आधीच सांगून ठेवते. मीही देणार नाही.

इथे फक्त वारुळाच्या अळंबीबद्दल बोलू. शास्त्रात टर्मिटोमायसिस. लाकडावर, शेणावर, पेंढ्यात, गवतात येणाऱ्या बाकीच्या शेकडो प्रकारांबद्दल मला ठामपणे सांगता येणार नाही, आणि जे ठामपणे सांगता येत नाही ते ताटात घेऊ नये असं माझं मत आहे.

ओळख पटवायची तर आधी ती उगवते कशी ते कळलं पाहिजे. वाळवी सुकं लाकूड, पालापाचोळा खाऊन वारुळात आणते आणि अर्धवट पचलेल्या विष्ठेतून जमिनीखाली भोकाभोकांचं पोळं रचते. त्या पोळ्यावर ही बुरशी वाढते. लाकडातला जो चिवट भाग वाळवीला पचत नाही तो बुरशी फोडते, आणि मग ते मऊ झालेलं पोळं आणि त्यावरचे पांढरे कण हेच वाळवीचं अन्न. आफ्रिकेत सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी हा व्यवहार सुरू झाला असं शास्त्रज्ञ मानतात. पावसात त्या पोळ्यातून कोंब निघतो, माती फोडत वर येतो आणि उघडतो. तीच आपली अळंबी.

म्हणून ओळख खालून वर करायची. लोक छत्री बघतात, खरी खूण मातीत असते. जमिनीच्या पातळीशी देठ जाड, फुगीर असतो आणि तिथून खाली निमुळता होत मुळासारखा लांब जातो. कधी वीतभर, कधी हातभर. हे मूळ बाहेरून तपकिरी-काळपट आणि खरवडलं की आत पांढरंशुभ्र. त्याच्या बुडाशी किंवा देठाच्या बुडाशी पिशवी, वाटी, अंड्याच्या फुटक्या कवचासारखं आवरण असं काहीही नसतं. देठ भरीव असतो, पोकळ नाही. उभा फाडला की लांब धागे निघतात. छत्रीखालच्या पात्या दाट असतात, देठाला चिकटलेल्या नसतात, कोवळेपणी पांढऱ्या आणि पुढे किंचित गुलाबीसर होतात. छत्रीच्या मधोमध टणक टोक असतं, कारण तिला माती फोडून वर यायचं असतं. टोकाजवळ रंग गडद, कडेला फिका. कापलं तरी निळं, लाल, पिवळं पडत नाही.

एक गैरसमज लगेच दूर करते. 'देठावर कडं असेल ती विषारी, नसेल ती खायची' असं बरेच जण मानतात. टर्मिटोमायसिसच्या एका मोठ्या, चवदार जातीला (टर्मिटोमायसिस हायमी, १९७९ मध्ये दक्षिण भारतातून नोंदलेली) देठावर चांगलं जाड कडं असतं. उलट कितीतरी विषारी जातींचं कडं पावसात गळून पडतं. कड्यावरून काहीच ठरवू नका.

घात करणाऱ्या जाती दोन तऱ्हेच्या. पहिली अमानिटा: पात्या शेवटपर्यंत पांढऱ्या, छत्रीवर बऱ्याचदा पुसले जाणारे खवले, आणि बुडाशी मातीत लपलेली पिशवी. वरून मोडून आणलीत तर ती पिशवी मातीतच राहते आणि घरी आलेली छत्री निरागस दिसते. दुसरी क्लोरोफायलम: हिरवळीवर, गुरांच्या वावरात येणारी मोठी पांढरी छत्री, वर तपकिरी खवले. कोवळी असताना पात्या पांढऱ्याच असतात, जून झाल्यावर हिरवट होतात.

काढणी आणि रांधण्याबद्दल पुढे लिहीतच आहे. ज्यांना आपापल्या भागातलं माहीत आहे त्यांनी जरूर लिहा.


झाडीपट्टी

मिरगवेळताई, धाग्याबद्दल मनापासून आभार. आमच्या गडचिरोली-चंद्रपूरकडं यांना सात्या म्हणतात आणि वाळवीला उधळी. तुमच्याकडं जे वारुळावर, तेच आमच्याकडं उधळीच्या टेकाडावर. रोवणीच्या दिवसांत सात्या निघतात, त्यामुळं बाया सकाळी रानात जाऊन परत येऊन मग चिखलात उतरतात. बाजारात पळसाच्या पानावर ढीग मांडून बसतात, आणि दुपारपर्यंत काही उरत नाही. मटणाच्या भावानं, कधी त्याहून चढ्या भावानं जातात.

एक भर घालतो. मोठ्या सात्यांबरोबर अगदी बारीक, बोटाच्या पेराएवढ्या पांढऱ्या सात्याही येतात, शेकड्यांनी, जमीन पांढरी दिसावी इतक्या. तीसुद्धा टर्मिटोमायसिसचीच जात आहे, मायक्रोकार्पस. पण तिला लांब मूळ नसतं. उधळी पोळ्याचे तुकडे बाहेर आणून टाकते, त्यावर ती उगवते. म्हणजे तुम्ही सांगितलेली सगळ्यात मोठी खूण तिथं लागू पडत नाही. आमच्या गावात ती चवीनं खातात, पण निवडणाऱ्या बाया लहानपणापासून हेच करत आलेल्या. एकेक सात्या बोटांत धरून, उलटी करून बघून टोपलीत टाकतात. नवख्या माणसानं बारीक सात्यांच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि शहरातल्या मंडळींना सांगणं: ज्यांना ही ओळख आहे त्या बायांना 'अडाणी' समजू नका. कुठलं टेकाड कुठल्या आठवड्यात फुटतं, कुठल्या झाडाखालची छत्री सोडायची, हे त्यांना बारीकसारीक ठाऊक असतं. त्यांच्यासोबत एक पावसाळा फिरल्याशिवाय पुस्तकातलं वाचून काही हाती लागत नाही.


चिखलवाट

माहितीपूर्ण धागा. प्रश्न: मूळ बघितल्याशिवाय ओळख नाही म्हणता, पण मूळ बघायला खणलं तर वारूळ फुटेल. मग पुढच्या वर्षी अळंबी येईल का?


मिरगवेळ

@चिखलवाट, फार महत्त्वाचं विचारलंत.

कुदळ, पहार, फावडं नेऊच नये. मुळाचा लोभ धरून खणत गेलं की पोळं फुटतं, पाणी आत शिरतं आणि ती जागा कायमची जाऊ शकते. मी बारीक काठी घेते, किंवा कोयतीचं टोक. समूहातली एक अळंबी निवडायची, तिच्या एका बाजूची माती अलगद मोकळी करत जायचं. वीतभर निमुळतं मूळ दिसलं, बुडाशी पिशवी नाही हे डोळ्यांनी पाहिलं, की थांबायचं. पोळ्यापर्यंत पोचायची गरज नसते. ती माती परत लोटून दाबायची.

बाकीच्यांसाठी प्रत्येकीचा देठ मातीलगत बोटांनी चाचपायचा. फुगीर भाग खाली बारीक होत गेलेला बोटाला कळतो. मग देठ धरून हलकेच पिरगाळायचा किंवा सुरीने मातीच्या जरा खालून कापायचा. एक तपासली म्हणून बाकीच्या आपोआप पास होत नाहीत, हे मात्र लक्षात ठेवा. अळंबीच्या घोळक्यात दुसरीच छत्री शेजारी उगवलेली मी पाहिली आहे. एखादीबद्दल जरा शंका आली तर ती वेगळी ठेवा, टोपलीत टाकूच नका. तुकडे झाल्यावर निवडणं अशक्य असतं.


साखरेचीगोणी

आमच्या आजीकडे खात्रीची युक्ती होती. शिजताना पातेल्यात चांदीचा रुपया टाकायची, काळा पडला तर सगळं फेकायची. लसूण टाकूनही बघायचे. आणि किडे-गोगलगायींनी खाल्लेली छत्री असेल तर बिनधोक. आमच्या घरात कधी कोणाला काही झालं नाही.


नाडीपरीक्षा

मी जिल्हा रुग्णालयात काम केलेला डॉक्टर आहे. @साखरेचीगोणी, तुमच्या आजींच्या घरात काही झालं नाही याचं श्रेय त्यांच्या नजरेला आहे, रुपयाला नाही. चांदी काळी पडते ती गंधकाच्या संयुगांमुळे. अमानिटामधल्या अमाटॉक्सिन नावाच्या विषाचा चांदीशी काही संबंध येत नाही, त्यामुळे विषारी रस्स्यातही रुपया लखलखीत राहतो. लसणाचंही तेच. आणि गोगलगायीच्या पोटात जे पचतं ते माणसाच्या यकृतात पचत नाही. या तिन्ही परीक्षांवर विसंबू नका, अगदी कळकळीने सांगतो.

उकळून पाणी फेकलं, वाळवलं, मिठात घातलं, तरी अमाटॉक्सिन नष्ट होत नाही.

लक्षणं कधी सुरू होतात हे प्रत्येकाने माहीत करून घ्यावं. क्लोरोफायलम खाल्लं तर १ ते ३ तासांत जोरात उलट्या-जुलाब सुरू होतात. त्रास भयंकर, पण वेळेवर सलाइन मिळालं तर बहुतेक माणसं वाचतात. अमानिटाची गोष्ट उलटी आहे. जेवण होतं, चव छान लागते, माणूस झोपतो. साधारण ६ ते १२ तासांनी, कधी त्याहून उशिरा, उलट्या-जुलाब सुरू होतात. एक-दोन दिवसांत ते कमी होतात आणि घरचे म्हणतात, बरं वाटतंय, घरी नेऊ. त्याच वेळी आत यकृताच्या पेशी मरत असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ, रक्तस्राव, भ्रम. तोपर्यंत हातात फार काही उरत नाही. लक्षणं उशिरा सुरू झाली तर प्रकरण जास्त गंभीर, असं समजायचं.

एप्रिल २०२२ मध्ये आसाममध्ये रानटी भूछत्रं खाऊन काही दिवसांत १३ जण दगावले. चहामळ्यांच्या वस्त्यांतली माणसं होती, त्यात लहान मूलही होतं. वर्षानुवर्षं रानातलं खाणारी माणसं होती ती.

खाल्ल्यावर त्रास झालाच तर तूप, दही, ताक पाजत बसू नका. घशात बोटं घालून उलटी काढायचा खटाटोप करू नका. १०८ ला फोन करा, थेट मोठ्या रुग्णालयात जा. ज्यांनी ज्यांनी खाल्लं त्या सगळ्यांना न्या, ज्यांना अजून काही होत नाही त्यांनाही. उरलेली भाजी, कचऱ्यातले देठ, साली कागदाच्या पिशवीत घालून बरोबर घ्या. कधी खाल्लं आणि पहिली उलटी कधी झाली या दोन वेळा डॉक्टरांना सांगा. निदानासाठी याहून मोलाचं काही नसतं.


परसदारी

डॉक्टर, वाचून अंगावर काटा आला. पुण्यात आमच्या सोसायटीच्या हिरवळीवर दर पावसाळ्यात मोठाल्या पांढऱ्या छत्र्या गोलाकार उगवतात, वर तपकिरी ठिपके. गेल्या आठवड्यात एक शेजारी पिशवी भरून घेऊन जायला निघाले होते, 'ऑरगॅनिक आहे' म्हणत. मिरगवेळताईंनी वर्णन केलेली तीच का?


मिरगवेळ

फोटोवरून सांगणार नाही म्हटलं तसं वर्णनावरूनही होकार देणार नाही, पण नकार मात्र देते. हिरवळीवर गोलात उगवलेली, खवल्यांची मोठी पांढरी छत्री हातात घेऊच नका. क्लोरोफायलम नेमकी अशीच येते. शेजाऱ्यांना आजच सांगा. कुत्री आणि रांगती मुलं असतील तर माळ्याला हातमोजे घालून उपटून टाकायला सांगा.

कुतूहल म्हणून एक करून बघता येईल: बीजाणूंचा, म्हणजे पात्यांतून गळणाऱ्या बारीक बियांसारख्या भुकटीचा ठसा. उघडलेली छत्री देठापासून कापायची, पात्या खाली करून अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर ठेवायची, वर वाडगं पालथं घालायचं आणि रात्रभर सोडायचं. सकाळी कागदावर भुकटीचा ठसा उमटलेला दिसतो. क्लोरोफायलमचा मळकट हिरवा, अमानिटाचा पांढरा, आपल्या अळंबीचा फिकट गुलाबी. पण 'गुलाबी ठसा म्हणजे खायला हरकत नाही' असा उलटा अर्थ काढू नका. एंटोलोमा नावाच्या गटाचाही ठसा गुलाबी असतो आणि त्यातल्या काही विषारी आहेत. त्यांच्या पात्या देठाला जोडलेल्या असतात आणि खाली लांब मूळ नसतं. ठसा नकार द्यायला उपयोगी, होकार द्यायला अपुरा.


पॅसिफिककाठ

कॅलिफोर्नियातून लिहितेय. इकडे ओक झाडांखाली अमानिटा फॅलॉइडिस, म्हणजे डेथ कॅप, पावसाळ्यात (हिवाळ्यात) भरपूर येतं. मूळचं युरोपातलं, झाडांच्या मुळांबरोबर आलेलं. इथल्या विषबाधेच्या बातम्यांत आशियातून आलेली कुटुंबं वारंवार असतात, कारण पेंढ्यावरची भाताची अळंबी आणि डेथ कॅपची कोवळी कळी सारखीच दिसते. दोन्हींना बुडाशी पिशवी. गावाकडे जे डोळे तयार झाले ते इथे फसवतात. इथल्या मराठी मंडळांत दर वर्षी कोणीतरी 'आपल्याकडच्यासारखी मिळाली' म्हणून आनंदाने फोटो टाकतं. अमेरिकेत टर्मिटोमायसिस उगवत नाही, कारण ते सांभाळणारी वाळवीच या खंडात नाही. तेव्हा इथे दिसलेली कुठलीही छत्री 'आपली अळंबी' असू शकत नाही. इकडच्या सगळ्यांना हे कळवा, प्लीज.


सांतेरीचीपेठ

गोव्यातून. आमच्याकडे ही रोयणीची अळमी, रोयण म्हणजे वारूळ. सत्तरी, फोंडा, केपे भागातून येते, रस्त्याकडेला पानांत बांधून नगावर विकतात. कळ्यांना जास्त दर, उघडलेल्यांना कमी. इतका भाव मिळायला लागल्यापासून अभयारण्यात शिरून रात्री टॉर्च घेऊन काढणारे झालेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने अभयारण्यातून असं काही काढायला परवानगी लागते, हे त्यांच्या गावीही नसतं.

नंदकुमार कामत यांनी गोवा विद्यापीठात कित्येक वर्षं या अळमीवर संशोधन केलं आणि ती ओरबाडू नका म्हणून ते सांगत आले. त्यांच्यामुळेच मला या विषयाची गोडी लागली. कळ्या सगळ्याच्या सगळ्या काढल्या तर नुकसान का होतं हे समजून घेण्यासारखं आहे. मिरगाच्या पहिल्या पावसात दिव्याभोवती पंख टाकणारे किडे आपण सगळ्यांनी पाहिलेत. ती वारुळातून उडालेली वाळवी, नवं घर करायला निघालेली. नर-मादी जमिनीत शिरतात, अंडी घालतात, काही आठवड्यांनी पहिली कामकरी वाळवी बाहेर पडते. तिच्या घरात अजून बुरशी नसते. बहुतेक जातींत आईबाप बरोबर आणत नाहीत. त्याच सुमाराला जुन्या वारुळांवर अळमी उघडलेली असते, बीजाणू आसपासच्या पाल्यावर पडलेले असतात, आणि ही नवी वाळवी तो पाला खाऊन बीजाणू घरी नेते. असं नवं पोळं लागतं. आता एकही छत्री उघडू दिली नाही तर नव्या वारुळांनी बियाणं कुठून आणावं?

माझ्या मामाच्या घरी नियम होता की प्रत्येक वारुळावरच्या काही अळम्या उघडून कुजू द्यायच्या. आणि सातेरीच्या देवळात तर वारूळच देव. तिथल्या रोयणीला कोणी हात लावत नाही.


झाडीपट्टी

@सांतेरीचीपेठ, पंखवाल्या उधळीचा आणि सात्यांचा हा संबंध माहीत नव्हता. फारच मोलाचं लिहिलंत. आमच्याकडं भावानं इतका जोर धरला नाही, पण टेकाडं जातायत ती वेगळ्या कारणानं. शेत सपाट करायला जेसीबी लावला की पहिलं उधळीचं टेकाड जातं.


मिरगवेळ

आमच्याकडे काजू-आंब्याच्या बागांत वाळवी मारायला क्लोरपायरीफॉस ओततात. झाडाच्या बुंध्याला वाळवी लागू नये हे शेतकऱ्याचं दुखणं खरं आहे, पण बागेच्या कडेचं, मेरेवरचं वारूळसुद्धा औषध ओतून संपवायचं काही कारण नसतं. मेलेल्या लाकडावर जगणारी वाळवी जिवंत झाडाला क्वचितच हात लावते. माझी सगळ्या बागवाल्यांना विनवणी आहे की बांधावरची वारुळं राखा. आणि ज्या बागेत औषध मारलंय तिथली अळंबी खाऊ नका, रस्त्याकडेची आणि डंपिंगजवळचीही नको.


माडाचीवाडी

आमच्या आवशीची रीत सांगतंय. अळमी सुरीन चिरूची नाय, हातान उभी फाडूची. कांदो बारीक चिरून खोबरेलात परतूचो, हळद, मालवणी मसालो घालूचो, मगे अळमी. पाणी घालूचा नाय, तेंचाच पाणी सुटता. झाकण ठेवन बारीक आगीर शिजवूची. पाणी आटत इला की भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचा थोडा वाटाप, मीठ, दोन सोलां. गरम मसालो नको, अळमीचो वास मरता. तांदळाच्या भाकरीवांगडा खावची.


मिरगवेळ

@माडाचीवाडी, गरम मसाल्याबद्दल अगदी सहमत. हॉटेलांत जे गरगट करतात त्यात अळंबी शोधावी लागते.

रांधण्याआधीची साफसफाई सविस्तर लिहिते, कारण बरीच जण तिथे घाई करतात. आणल्या आणल्या कोरडीच पसरायची. मुळाचा भाग सुरीच्या मागच्या बाजूने खरवडायचा. काळपट साल माती घेऊन सुटते आणि आतून दुधाळ, करकरीत गाभा निघतो. तो टाकू नका, सगळ्यात चावायला छान तोच. छत्रीच्या टोकाशी माती घट्ट बसलेली असते, तिथे नखाने काढायची. उघडलेल्या छत्र्यांच्या पात्यांत बारीक अळ्या असू शकतात. प्रत्येक अळंबी उभी फाडून आत बघायची. बुळबुळीत झालेली, आंबूस वासाची असेल तर टाकायची. शिळी झालेली खायची अळंबीसुद्धा पोट बिघडवते. मग हळद-मिठाच्या पाण्यातून दोनदा चटकन काढायची. भिजत घालायची नाही, ती आधीच ९० टक्के पाणीच असते.

माझ्या घरी पहिल्या दिवशी काहीच घालत नाही. लोखंडी तव्यावर खोबरेल, ठेचलेला लसूण, मीठ, मिरीची पूड, आणि फाडलेल्या कळ्या. आधी पाणी सुटतं, ते आटतं, आणि मग कडा लालसर व्हायला लागल्या की घरभर जो वास सुटतो तो मला दुसऱ्या कुठल्याच भाजीत मिळालेला नाही. पण पुरती शिजली पाहिजे, निदान १५-२० मिनिटं. कच्ची, अर्धकच्ची अजिबात नाही.

आणि पहिल्यांदाच खाणाऱ्यांनी ओळख पक्की असली तरी दोन-तीन घासच खावेत. काहींना खरी अळंबीसुद्धा सोसत नाही. लहान मुलं आणि गरोदर बाया यांना त्या दिवशी नकोच.


झाडीपट्टी

आमच्याकडं तेलात लसूण-हिरवी मिरची-जिरं ठेचून परततात, सात्या टाकतात, वरून कोथिंबीर. रस्सा केला तर तांदळाचं थोडं पीठ लावून. मसाल्याला फाटाच. पावसात सात्यांचा रस्सा आणि गरम भात असला की दुसरं काही लागत नाही.


परसदारी

हे सगळं वाचून वाटतं, याची लागवड का करत नाहीत? धिंगरी, बटण मिळतं तसं हे बाजारात मिळालं तर रानावरचा ताणही कमी होईल.


सांतेरीचीपेठ

@परसदारी, धिंगरीला पेंढा पुरतो, बटणाला कंपोस्ट. ही मात्र वाळवीने चावून, गिळून, रचलेल्या पोळ्यावरच फळते. प्रयोगशाळेत तिचे पांढरे तंतू वाढवता येतात, पण छत्री धरायला वारुळातला ओलावा, हवा, वाळवीची सततची साफसफाई हे सगळं लागतं, आणि ते बाहेर जुळवून व्यापारी पीक घेणं अजून जमलेलं नाही. म्हणून कोणी 'रोयणीच्या अळमीचं स्पॉन' (लागवडीचं बियाणं) म्हणून पाकीट विकत असेल तर पैसे घालवू नका. घरी करायचीच हौस असेल तर धिंगरी करा, ती सोपी आहे आणि चवीलाही चांगली.


साखरेचीगोणी

डॉक्टर, चांदीच्या रुपयाबद्दल सांगितलंत ते घरी सगळ्यांना वाचून दाखवलं. आता विचारायचं हे: बाजारातून विकत घेतलेली अळंबी तरी सुरक्षित मानायची का?


नाडीपरीक्षा

बऱ्याच अंशी, जर विकणारी बाई स्वतः रानातून काढणारी आणि वर्षानुवर्षं तिथेच बसणारी असेल. तिचं नाव त्या ढिगावर असतं. तरीही मूळ कापून टाकलेली, नुसत्या छत्र्यांची टोपली घेऊ नका. मूळ दिसू द्या. हायवेवर गाडी थांबवून अनोळखी माणसाकडून घेताना तर हा नियम मोडूच नका. आणि घरी आणल्यावर दोन अळंब्या न शिजवता कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवा. काही झालंच तर आम्हाला नमुना मिळतो.


चिखलवाट

शेवटचा प्रश्न. गावाहून मुंबईला न्यायची तर? गेल्या वेळी मावशीने डबा भरून दिला होता, रात्रीच्या गाडीने आणला.


मिरगवेळ

@चिखलवाट, कच्ची बंद डब्यात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत नेऊ नका. घाम धरून रात्रीत चिकट होते, आणि ती टाकूनच द्यावी लागते. एका रात्रीचाच प्रश्न असेल तर मातीसकट, न धुता, कागदात सैल गुंडाळून टोपलीत ठेवा आणि पोचल्या पोचल्या साफ करून शिजवा. जास्त दिवस ठेवायची तर गावातच साफ करून फाडा, हळद-मीठ लावून तव्यावर तिचं पाणी पूर्ण आटेपर्यंत परता, गार करा, छोट्या डब्यांत भरून फ्रीझरमध्ये टाका. बर्फाच्या पेटीतून नेता येते. रांधताना डबा एकदाच काढायचा, उरलेली परत गोठवायची नाही. आमच्याकडे जुन्या घरांत चुलीवरच्या शिंकाळ्यात धुरावर सुकवायचे. तशी सुकवलेली कोरड्या बरणीत नाताळपर्यंत टिकते, कुळथाच्या पिठीत मूठभर टाकायला. गॅसवर ते होत नाही आणि पावसाळी उन्हात बुरा येतो, तेव्हा चूल नसेल तर फ्रीझरच बरा. मावशीला सांगा, यंदा डबा नको, टोपली द्या.